विमानप्रवासाबद्दलचे हे समज कितपत खरे? (दार, मास्क, एअर पॉकेट, दणकन लँडिंग वगैरे)

मनीप्लांट:

नमस्कार मंडळी. आईबाबा (वय ६६ आणि ७१) डिसेंबरात मुंबईहून लंडनला जाणार आहेत. दोघांचीही विमानात बसायची पहिलीच वेळ. तिकिटं काढल्यापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडतोय आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींनी आई धास्तावली आहे. ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी खरंखोटं सांगावं. "घाबरू नका, काही होत नाही" हे उत्तर नको, ते सगळेच देतात. का होत नाही, ते हवंय.

ग्रुपवरचे दावे:

- कुणी माथेफिरूने वर असताना दार उघडलं तर सगळे बाहेर ओढले जातात.
- ऑक्सिजनचे मास्क खाली आले म्हणजे विमान गेलंच. आणि मास्कची पिशवी फुगली नाही तर तो मास्क बिघडलेला.
- एअर पॉकेटमध्ये हवाच नसते, म्हणून विमान हजारो फूट कोसळतं.
- दणकन उतरलं तर पायलट नवखा.
- आत तीच तीच हवा फिरते, एक शिंकला की सगळे आजारी.
- टॉयलेटमधली घाण हवेत सोडून देतात.
- ११ए ही सीट सगळ्यात सुरक्षित.
- पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे लंडन "जवळ येतं" आणि जाताना वेळ कमी लागतो.

---

हँगर नंबर दोन:

यातले तीन-चार दावे एकाच गोष्टीवर येऊन थांबतात: केबिनमधला दाब. तो आधी समजून घेऊ.

३६,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या २२-२३ टक्के असतो आणि तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास. तिथे मास्कशिवाय माणसाची शुद्ध अर्धा ते एक मिनिट टिकते. म्हणून विमानात सतत दाबाखाली हवा भरत राहतात आणि मागच्या भागातल्या आउटफ्लो व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून ती मोजून बाहेर सोडतात. झडप किती उघडी ठेवायची यावर आतला दाब ठरतो. हा दाब समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत, कारण तेवढा ताण सोसायचा तर विमानाचं कवच जास्त जाड आणि जड करावं लागेल. नियम असा की नेहमीच्या उड्डाणात केबिनची 'उंची' (म्हणजे आतला दाब जितक्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती उंची) ८,००० फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही. ७८७ आणि ए३५० या विमानांत ती ६,००० च्या आसपास राहते, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडं वर.

आता दार. आतला आणि बाहेरचा दाब यांत वर असताना साधारण ८ पीएसआयचा (दर चौरस इंचावर ८ पौंड) फरक असतो. ए३२० चं प्रवासी दार अंदाजे ०.८१ मीटर रुंद आणि १.८५ मीटर उंच, म्हणजे दीड चौरस मीटर. गुणाकार केलात तर आतली हवा त्या दारावर आठ टनांहून जास्त जोर लावून उभी असते. ही दारं अशी बनवलेली असतात की उघडताना ती आधी आत किंवा वर सरकली पाहिजेत, मगच बाहेर जातात. ७३७ चं दार थोडं आत येऊन तिरकं होतं आणि मग बाहेर झुलतं. ए३२० चं दार आधी वर उचललं जातं, तेव्हा कुठे त्याच्या कडेचे थांबे चौकटीवरच्या थांब्यांपासून सुटतात. झाकण आतून बसणाऱ्या कुकरची आठवण काढा: वाफ आहे तोवर झाकण निघत नाही, कारण वाफच त्याला घट्ट धरून ठेवते. इथे माणसाला आठ टनांशी झुंजावं लागेल. दांडा ओढून पाहणारे प्रवासी अधूनमधून निघतात. वर असताना त्यांच्या हाती फक्त पोलीस केस लागते.

विमान जमिनीवर असताना मात्र दार सहज उघडतं आणि तिथे खरी काळजी घ्यावी लागते. "आर्म डोअर्स अँड क्रॉस चेक" अशी घोषणा ऐकू येते ना, त्या वेळी आपत्कालीन घसरगुंडीचा (संकटात प्रवाशांना खाली उतरवणारी, आपोआप फुगणारी) दांडा विमानातच दाराजवळच्या फरशीला अडकवलेला असतो. त्यानंतर दार उघडलं की घसरगुंडी काही सेकंदांत फुगते. समोर माणूस उभा असेल तर जबर इजा होते, विमान अडकून पडतं ते वेगळंच. म्हणून आपत्कालीन दाराजवळची सीट मिळाली तर दार उघडायच्या दांड्याला उगाच हात लावू नये.

मास्क. केबिनची उंची साधारण १४,००० फुटांवर गेली की मास्क आपोआप पडतात. विमान पडतंय असा त्याचा अर्थ नाही; आतला दाब टिकत नाहीये, एवढाच. पायलट लगेच विमान १०,००० फुटांवर आणतो, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. ३६,००० वरून यायला चार-पाच मिनिटं लागतात. आत बसलेल्याला ते नाक खाली करून कोसळल्यासारखं वाटतं, कारण पंखांवरचे स्पीड ब्रेक उघडलेले असतात आणि विमान थरथरतं. ती ठरवून केलेली, सरावाची कृती आहे.

बहुतेक विमानांत डोक्यावरच्या पेटीत रासायनिक जनरेटर असतो: सोडियम क्लोरेट आणि थोडी लोखंडाची भुकटी. मास्क खाली ओढल्याशिवाय पिन सुटत नाही आणि पिन सुटल्याशिवाय ऑक्सिजन सुरू होत नाही. मास्क लोंबकळताना दिसला आणि तो तसाच अलगद तोंडाला लावला, तर काही मिळणार नाही. रासायनिक अभिक्रिया सुरू झाली की डबा दोनशे अंशांच्या वर तापतो, जळका वास येतो. ती आग नव्हे. एकदा सुरू झालेला जनरेटर बंद करता येत नाही, विमानाच्या प्रकारानुसार १२ ते २२ मिनिटं चालतो. ७८७ मध्ये याऐवजी छोटे ऑक्सिजन सिलिंडर असतात, म्हणजे ती उष्णता आणि वास दोन्ही नाहीत. पिशवीचं म्हणाल तर ती फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, सूचनांच्या वेळी हे मुद्दाम सांगतात. श्वास जोरात चाललेला माणूस पिशवी रिकामी करत राहतो, म्हणून ती चपटी दिसते.

आधी स्वतःला मास्क, मग शेजारच्याला. आईला हे दोनदा सांगा, कारण आया हमखास उलटं करतात. बाबांना लावता लावता तीच बेशुद्ध झाली तर दोघंही अडकले.

दाब न ठेवल्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २० सप्टेंबर २०१८ ची जेट एअरवेजची मुंबई-जयपूर फेरी. इंजिनातली हवा केबिनकडे वळवणारा ब्लीड स्विच चालू करायचा राहिला होता. विमान चढत गेलं, मास्क पडले, सुमारे ३० जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत उतरलं. त्याहून भीषण घटना ग्रीसमधली, १४ ऑगस्ट २००५ ची हेलिऑस ५२२. दाब-नियंत्रण 'मॅन्युअल'वर राहिलं, धोक्याची सूचना वैमानिकांना वेगळीच वाटली, ते बेशुद्ध झाले आणि १२१ जण गेले. तेव्हा दाबाबद्दल भीती बाळगायचीच असेल तर ती दाराची नको, न जाणवणाऱ्या विरळ हवेची असू द्या. या विरळ हवेत गुदमरल्यासारखं होत नाही. उलट छान हलकं वाटतं, आणि धोका तोच आहे.

खिडकीतलं बारीक भोक याच कुटुंबातलं. खिडकीला तीन काचा असतात. बाहेरची काच सगळा दाब पेलते, मधली राखीव, आतली फक्त ओरखड्यांपासून संरक्षणाला. भोक मधल्या काचेला असतं, म्हणजे दाबाचा भार बाहेरच्या काचेवर राहतो आणि काचांमध्ये बाष्प साचत नाही. 

---

सह्याद्रीचा वारा:

दाराचं पटलं, पण २०२३ मध्ये कोरियात एका प्रवाशाने हवेतच दार उघडलं होतं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. आणि २०२४ मध्ये अमेरिकेत तर विमानाचा तुकडाच निघाला. मग "उघडत नाही" कसं म्हणायचं?

---

हँगर नंबर दोन:

रास्त प्रश्न. कोरियातलं विमान एशियानाचं ए३२१ होतं, २६ मे २०२३. देगूला उतरताना, जमिनीपासून जेमतेम ७०० फुटांवर. उतरताना केबिनचा दाब हळूहळू बाहेरच्याशी जुळवत आणतात, नाहीतर जमिनीवर गेल्यावर दारच उघडणार नाही. त्यामुळे ७०० फुटांवर फरक जवळपास संपलेला होता आणि दार उघडलं. पण त्याच कारणाने कुणी बाहेर ओढलंही गेलं नाही. ओढायला दाबाचा फरक लागतो आणि फरक असेल तर दार उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांचा दावा या दोन गोष्टी एकाच वेळी मागतो. वारा प्रचंड लागला, लोकांना श्वास घेणं जड गेलं, हे खरं.

५ जानेवारी २०२४ चं अलास्का एअरलाइन्सचं ७३७ मॅक्स ९ हे दाराचं प्रकरणच नव्हतं. जिथे जादा दार लागत नाही तिथे भिंतीत एक बंद पट्टा बसवतात, डोअर प्लग. त्याला जागेवर धरणारे चार बोल्ट कारखान्यातून निघतानाच लावलेले नव्हते. बोल्ट नसल्यामुळे पट्टा हळूहळू वर सरकून थांब्यांमधून सुटला आणि मग दाबाने त्याला बाहेर फेकलं. विमान अजून चढत होतं, साधारण १६,००० फुटांखाली, त्यामुळे लोक सीटबेल्ट बांधून बसलेले होते. ३५,००० फुटांवर, लोक उभे असताना हे घडलं असतं तर चित्र वेगळं असतं. इथे दोष कारखान्याचा आणि तपासणीचा. अशा गोष्टींची भीती वाटणं मला गैर वाटत नाही, फक्त ती शेजारच्या सीटवरच्या माथेफिरूकडे वळवू नका.

---

क्रॉसविंड:

एअर पॉकेट आणि लँडिंग माझ्याकडे घेतो.

हवा नसलेली पोकळी आकाशात असूच शकत नाही. आजूबाजूची हवा तिथे लगेच घुसेल. असतं ते असं: वर जाणारा झोत, त्याच्या शेजारी खाली येणारा झोत, आणि विमान एकातून दुसऱ्यात ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगाने शिरतं. पंखांना मिळणारी उचल क्षणात बदलते. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून, पावसाळी ढगांच्या कडेने, सह्याद्री ओलांडून येणाऱ्या वाऱ्यात आणि हिवाळ्यात उत्तर भारतावरच्या जेट स्ट्रीमच्या काठाने हे होतं. शेवटचा प्रकार जास्त त्रासदायक, कारण तिथे ढग नसतात. विमानाचं रडार पाण्याचे थेंब बघतं. कोरडी ढवळलेली हवा त्याला दिसत नाही.

"हजारो फूट कोसळलं" या बातमीची चिरफाड एकदा करायलाच हवी. २१ मे २०२४, सिंगापूर एअरलाइन्सची एसक्यू ३२१, लंडनहून सिंगापूरला, म्यानमारवर. जगभर छापून आलं की विमान ६,००० फूट पडलं. प्राथमिक अहवालातले आकडे असे: ४.६ सेकंदांत १७८ फूट. ६,००० फुटांचा तो उतार वैमानिकांनी नंतर, बँकॉककडे वळायचं ठरल्यावर, स्वतःहून आणि नियंत्रणात घेतलेला होता. पण त्या १७८ फुटांत काय झालं ते बघा. उभा प्रवेग आधी अधिक १.३५ जी होता (१ जी म्हणजे नेहमीचं गुरुत्वाकर्षण), तो ०.६ सेकंदात उणे १.५ जीवर गेला. उणे म्हणजे विमान माणसापेक्षा जोरात खाली गेलं. पट्टा न बांधलेला माणूस छताला जाऊन आदळला. काही सेकंदांत परत अधिक १.५, म्हणजे तोच माणूस खाली. एक प्रवासी दगावला, अनेकांना मणक्याच्या आणि डोक्याच्या जखमा झाल्या. विमान मात्र बँकॉकला नीट उतरलं.

यातून दोन गोष्टी. विमान मोडत नाही: पंखांना अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार तीन सेकंद सोसून दाखवावा लागतो. १९९५ मध्ये ७७७ च्या पंखांची चाचणी केली तेव्हा टोकं सुमारे २४ फूट वर वाकली आणि पंख १५४ टक्क्यांना मोडले. खिडकीतून पंख हलताना दिसतात ते त्यासाठीच. मोडतो तो न बांधलेला माणूस. तेव्हा पट्ट्याचा दिवा बंद असला तरी बसल्या जागी पट्टा कमरेच्या हाडावर, ब्लँकेटच्या वर बांधून ठेवायचा. वर यासाठी की रात्री क्रू तपासायला येते तेव्हा पट्टा दिसला तर झोपमोड करत नाहीत. आईला कमी धक्के हवे असतील तर पंखांजवळच्या रांगा घ्या. शेपटीकडे झोके मोठे लागतात.

लँडिंग. पावसाळ्यात मुंबईला दणकन टेकवणारा पायलट बहुधा आपलं काम चोख करत असतो. ओल्या धावपट्टीवर टायर पाण्याच्या थरावर तरंगू शकतो, त्याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. ठोकताळा असा: टायरच्या पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, म्हणजे नॉट्समध्ये वेग. २०० पीएसआयच्या टायरला १२७ नॉट्स, ताशी २३५ किलोमीटर. उतरण्याचा वेग साधारण ताशी २५० असतो, म्हणजे टेकताक्षणी आपण त्या मर्यादेच्या वर असतो. चाकं पाण्याचा थर फोडून डांबराला भिडली पाहिजेत, फिरायला लागली पाहिजेत आणि त्यांवर वजन आलं पाहिजे. त्यानंतरच पंखांवरचे स्पॉइलर (उचल मोडून वजन चाकांवर आणणाऱ्या फळ्या) उभे राहतात, ऑटोब्रेक लागतात. लोण्यासारखं अलगद उतरायच्या नादात विमान तरंगत राहिलं तर दर सेकंदाला जवळजवळ ७० मीटर धावपट्टी मागे जाते.

७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला हेच महाग पडलं. पाऊस, मागून वारा, ८,८५८ फुटांची टेबलटॉप (टेकडीच्या सपाट माथ्यावरची, टोकाला उतार असलेली) धावपट्टी आणि चाकं टेकली ४,४३८ फुटांवर. निम्मी पट्टी संपलेली. विमान टोकावरून खाली गेलं आणि २१ जणांचा जीव गेला. त्या स्थितीत लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं, ज्याला गो-अराउंड म्हणतात, हाच बरोबर निर्णय होता. आईबाबांच्या विमानाने टेकता टेकता एकदम जोर लावून परत उड्डाण केलं तर ते संकट समजू नये. पंधरा-वीस मिनिटं उशीर, बस.

खरंच जोरात आपटलं की नाही हे प्रवाशांच्या टाळ्यांवरून ठरत नाही. चाकांचा सांगाडा सेकंदाला १० फूट वेगाने खाली येऊन टेकणं सोसेल असा बनवतात, रोजच्या लँडिंगमध्ये तो वेग दोन-तीन फूट असतो. नोंदयंत्रात मर्यादेबाहेरचा आकडा आला किंवा वैमानिकाने तशी नोंद केली, तर इंजिनिअरने तपासल्याशिवाय विमान पुढे जात नाही.

जाता जाता: "विमान घिरट्या घालून इंधन फेकतंय" ही बातमीही बहुतेक वेळा चूक असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ७३७ हायड्रॉलिक बिघाडानंतर दोन तासांहून जास्त घिरट्या घालत होतं. ७३७ आणि ए३२० मध्ये इंधन सोडायची सोयच नाही. जाळून वजन कमी करावं लागतं. सोय असते ती ७७७ सारख्या मोठ्या विमानांत, कारण त्यांचं उड्डाणाचं कमाल वजन आणि उतरायचं कमाल वजन यांत फार मोठं अंतर असतं.

---

लिंबूसरबत:

टॉयलेटचं थोडक्यात. मैला टाकीत जातो, विमानतळावर गाडी येऊन उपसते. १६,००० फुटांच्या वर बाहेरचा कमी दाबच तो ओढून घेतो, खाली असताना पंप लागतो, म्हणून तो 'धप्प' आवाज. टाकीची झडप उघडायची सोय फक्त बाहेरून आहे, वैमानिकाला ती उघडता येत नाही. झडप गळकी असेल तर मात्र गळती गोठून निळसर बर्फ होतो आणि उतरताना सुटून पडू शकतो, त्यामुळे दावा शंभर टक्के हवेतला नाही. दिल्ली विमानतळाजवळच्या अशा तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये, टाकी हवेत रिकामी झालेली आढळली तर ५०,००० रुपये दंड, असा आदेश दिला होता.

११ए: अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातात वाचलेला एकमेव प्रवासी त्या सीटवर होता, तिथून हे निघालं. ते ७८७-८ होतं आणि त्या विमानात ११ए आपत्कालीन दाराला लागून होती. दुसऱ्या विमानात तीच सीट भलत्याच जागी येते. एका माणसावरून सीटचा नियम निघत नाही. त्यापेक्षा बसल्यावर पुढचं आणि मागचं दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवायला सांगा. धुरात दिसत नाही, सीटच्या पाठी चाचपत जावं लागतं.

पृथ्वीचं: हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे लंडन जवळबिवळ येत नाही. उलट हिवाळ्यात उत्तर भारतावर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, म्हणून जाताना समोरून वारा आणि वेळ जास्त, येताना पाठीवर वारा आणि वेळ कमी.

---

हँगर नंबर दोन:

हवेचा दावा राहिला होता. केबिनमधली साधारण निम्मी हवा बाहेरून आलेली ताजी आणि निम्मी फिल्टरमधून फिरवलेली असते. फिल्टर हेपा प्रतीचा, ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा. तासाला २० ते ३० वेळा पूर्ण हवा बदलते. शिवाय हवा छतातून येते आणि त्याच रांगेच्या खालच्या जाळीतून जाते, विमानभर लांबच लांब फिरत नाही. म्हणून खोकणारा माणूस दहा रांगा दूर असेल तर फारसा प्रश्न नाही. शेजारी किंवा पुढच्या-मागच्या रांगेत असेल तर आहे, तिथे फिल्टरचा उपयोग होत नाही, मास्क लावा. आणि हे सगळं पॅक (केबिनला थंड हवा पुरवणारं यंत्र) चालू असतानाचं. दारात रांग लावून उभं राहणं, बसमधली गर्दी, हवा बंद असताना गेटवर ताटकळणं यात संसर्गाची शक्यता जास्त.

मुंबईत अजून एक गंमत होते. दमट हवेत विमान गेटवर असताना छताच्या फटींतून पांढरे लोट येतात आणि लोक "धूर, धूर" करून उठतात. पॅकमधून आलेली थंड हवा केबिनमधल्या बाष्पाला भिडून धुकं होतं. त्याला वास नसतो आणि ते खाली येता येता विरतं. धुराला वास असतो आणि तो विरत नाही.

---

कान नाक घसा:

मनीप्लांट, ६६ आणि ७१ ही वयं बघता काही गोष्टी आधी विचारून घ्या. बाबांना दम्याचा, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे का? केबिनमध्येही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण ८,००० फुटांच्या दाबाला तो रक्तात कमी मिसळतो. निरोगी माणसाचं ऑक्सिमीटरवरचं वाचन ९० ते ९३ पर्यंत उतरू शकतं आणि त्याला काही कळतही नाही. घरी बसूनच ज्यांचं ९२ च्या खाली असतं त्यांनी डॉक्टरांच्या तपासणीशिवाय निघू नये. विमानकंपन्या अशांसाठी मेडिफ नावाचा फॉर्म भरून घेतात, ऑक्सिजन लागणार असेल तर आधी कळवावं लागतं.

दुसरं, अलीकडे डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं असेल आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर उड्डाण पूर्ण बंद. दाब कमी झाला की बंदिस्त वायू साधारण एक तृतीयांशाने फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. वायूच्या प्रकारानुसार तो विरायला दोन ते आठ आठवडे लागतात. मोतीबिंदूच्या साध्या ऑपरेशनमध्ये वायू नसतो, त्याला ही अडचण नाही. लोक या दोन्हींची गल्लत करतात. त्याच नियमाने ताजं प्लास्टर असलेला हात-पाय ४८ तासांच्या आत असेल तर प्लास्टर उभं चिरून घ्यावं लागतं. तारकर्लीला किंवा गोव्यात स्कूबा करून त्याच संध्याकाळी विमान पकडणाऱ्यांनाही थांबावं लागतं: एक डाइव्ह असेल तर किमान १२ तास, जास्त असतील तर १८.

कान चढताना सहसा दुखत नाहीत, उतरताना दुखतात. मधल्या कानातली हवा बाहेर निघणं सोपं, आत शिरणं अवघड, कान आणि घसा जोडणारी नळी चिकटते. म्हणून उतरायच्या अर्धा तास आधी जागं राहायचं, लिमलेटची गोळी चघळायची, घोट घोट पाणी. नाक दाबून तोंड बंद ठेवून हलकेच फुंकायचं; जोर लावला तर कानाच्या पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर उतरण्यापूर्वी अर्धा तास नाकात ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब उपयोगी पडतात, पण रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायांचं: चार तासांहून लांब प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. तरी ती मुळात लहानच राहते. तासातून एकदा उठणं, बसल्या जागी टाचा-चवडे हलवणं पुरतं. आधी गुठळी झालेली असेल, कर्करोग असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर दाबाचे मोजे डॉक्टरांकडून मापाने घ्या. मनानेच अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका.

इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत. खालच्या सामानकक्षात हवा नसते हा समज चुकीचा आहे, दाब केबिनइतकाच असतो. पण थंडी पडू शकते आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

---

मनीप्लांट:

सगळ्यांचे मनापासून आभार, आईला वाचून दाखवतेय. बाबांचं मोतीबिंदूचंच ऑपरेशन आहे, पडद्याचं नाही. शेवटचे दोन प्रश्न. पॉवरबँक "आगीचा धोका नको" म्हणून मोठ्या बॅगेत टाकायचा सल्ला मिळालाय. आणि आईला लंडनला द्यायला सुकं खोबरं न्यायचंय, त्याला विमानतळावर अडवतात म्हणे. खोबऱ्याने काय होणार?

---

क्रॉसविंड:

पॉवरबँकचा सल्ला उलटा आहे. चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातच न्यावी लागते. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणीतरी बघतं, पाणी ओतून थंड करतं. खाली सामानात पेटली तर कुणाचा हातच पोचत नाही. मर्यादा १०० वॉट-तास. डब्यावर एमएएच लिहिलेले असतात, त्यांना ३.७ ने गुणून १,००० ने भागा: २०,००० चा पॉवरबँक ७४ वॉट-तास, चालतो. २७,००० च्या आसपास मर्यादा गाठली जाते, त्यापुढे कंपनीची परवानगी लागते. आकडा पुसला गेलेला पॉवरबँक तपासणीत काढून घेतात, तेव्हा लेबल दिसेल असा घ्या.

खोबरं खरंच अडवतात. सुकं खोबरं आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या यादीत आहे: यूएन १३६३, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेटू शकणारे पदार्थ. त्यात तेल भरपूर असतं. ढीग करून कोंबलं आणि ओल राहिली तर तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना निघणारी उष्णता बाहेर पडत नाही, आत साठत जाते. दोन वाट्यांनी तसं होईल का? जवळपास नाही. पण स्कॅनरसमोरचा माणूस प्रमाण बघत नाही, यादी बघतो, आणि बॅग उघडायला तुम्हाला बोलावतो. खोबरं तिकडेच विकत घ्या, लंडनमधल्या भारतीय दुकानांत मिळतं.

---

लिंबूसरबत:

खोबऱ्याबरोबर लोणच्याचाही विचार करा. बरणीतलं तेल-लोणचं हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या द्रव-नियमात अडकतं, चेक-इनला द्या. बरणी काठोकाठ भरू नका, झाकणाखाली दोन थर प्लास्टिक आणि बाहेरून बंद होणारी पिशवी. आतली हवा वर गेल्यावर फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते, साड्यांची वाट लागते.